मासेमारीची फेरी: दिवस माणसांचा, वेळ पाण्याची

आम्ही अकरा जण आहोत. दर चौथ्या रविवारी होडी काढून मासे धरायला जातो. नावं लिहून घेणं, भरतीचं कोष्टक पाहणं, होडी ठरवणं आणि शेवटी ‘निघायचं’ की ‘नाही निघायचं’ हे सांगणं, ही कामं गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहेत. असा गट सुरू करायचा तर काय काय लागतं, असं अलीकडे दोघातिघांनी विचारलं. सामानाची यादी कुणीही देईल. मला सांगायचंय ते आधी तारखेबद्दल, कारण मासे मिळाले नाहीत म्हणून मोडलेला गट मी पाहिलेला नाही. तारीख ठरवता ठरवता मोडलेले मात्र पाहिलेत.

पहिली दोन वर्षं मी प्रत्येक वेळी विचारत बसायचो, ‘कुठला रविवार जमेल?’ एकाच्या घरी पाहुणे, दुसऱ्याची ड्यूटी, तिसऱ्याच्या मुलाची परीक्षा. सगळ्यांना जमेल असा दिवस शोधता शोधता सलग तीन महिने आमच्यापैकी कुणीही पाण्यावर गेलं नाही. मग नियम केला: माणसांसाठी तारीख हलणार नाही. ज्याला जमेल तो येईल. तिघं आले तरी फेरी निघेल, तीनपेक्षा कमी असतील तर होडी निघणार नाही. तीन हा आकडा उगीच धरलेला नाही. एक जण पाण्यात पडला तर एकाने होडी सांभाळायची आणि एकाने पडलेल्यावरून नजर हलवायची नाही, एवढी माणसं लागतातच. नियम झाल्यावर सहा महिन्यांत फरक दिसला. लोक आपली बाकीची कामं त्या रविवारच्या अलीकडे-पलीकडे लावायला लागले.

‘महिन्याचा दुसरा रविवार’ असं न ठरवता ‘दर चौथा रविवार’ का, तेही सांगतो. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात आणि आमच्या दोन फेऱ्यांमध्ये 28 दिवस. म्हणजे चंद्राच्या हिशेबाने प्रत्येक फेरी मागच्यापेक्षा दीड दिवस अलीकडे येते. एका फेरीला भांगाची, म्हणजे अर्ध्या चंद्राच्या सुमाराची, कमी चढउतराची भरती असेल, तर पुढच्या एक-दोन फेऱ्यांनाही पाणी साधारण तसंच, कमी ओढीचं मिळतं. चार-पाच फेऱ्यांनंतर आपण उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, मोठ्या चढउतराच्या पाण्यात पोचलेलो असतो. दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर भरती रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येते. त्यामुळे चार आठवड्यांनी ती मागच्या फेरीपेक्षा घड्याळात सुमारे सव्वा तास आधी येते. हा ढोबळ अंदाज झाला. नक्की वेळ त्या जागेच्या कोष्टकातूनच घ्यायची. पण एवढ्या अंदाजावर पुढच्या तीन फेऱ्या पहाटे निघायच्या की दुपारी, हे लोकांना आधी सांगता येतं. दिवस ठरलेला असतो, निघायची वेळ पाणी ठरवतं.

उधाण आणि भांग यांचा होडीवर काय परिणाम होतो, हे नवीन माणसाला एकदा बसवून समजवा. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. अर्ध्या चंद्राच्या सुमारास ही चढउतर कमी असते. पाणी चढतं तेही एकसारखं नाही. साधारण सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाच्या बाराव्या भागाएवढं पाणी येतं, दुसऱ्या तासाला दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तीन-तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. उधाणाच्या दिवशी या मधल्या तासांत खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसायचं नाही. गळाला लावलेलं शिसं तळाला ठरत नाही, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आडवं वाहत जातं, आणि त्यात वारा उलट्या दिशेने आला तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. उधाणाचा रविवार आला की आम्ही आतल्या, आडोशाच्या पाण्यात जातो. भरती पुरी व्हायच्या आधीचा तास आणि ओहोटी लागल्यावरचा तास, हे दोन तास धरतो. माझ्या वहीतले चांगले दिवस बहुतेक याच वेळांचे आहेत.

वाऱ्याचा निर्णय तीन टप्प्यांत होतो. शुक्रवारी संध्याकाळी मी अंदाज पाहतो आणि कुणाला काही कळवत नाही. शनिवारी संध्याकाळी पुन्हा पाहून गटावर एकच ओळ टाकतो. रविवारी सकाळी धक्क्यावर उभं राहून, पाणी डोळ्यांनी पाहून शेवटचं ठरतं. आमची होडी लहान आणि उघडी आहे. तिच्यासाठी आकडा असा: वारा 10 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरपर्यंत, असेल तर निघायचं. 11 ते 16 नॉट असेल तर फक्त आडोशाच्या पाण्यात. त्याच्या वर असेल तर नाही. आकडे कळत नसतील तर पाण्याकडे पाहा. लाटांच्या डोक्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसतो तोवर वाऱ्याच्या मोजपट्टीवर तिसरा बल. जिकडेतिकडे फेस दिसायला लागला की चौथा. ब्यूफोर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने 1805 साली बसवलेली ही मोजपट्टी पुढे सुधारत गेली आणि आजही वापरतात. अंदाजात येतो तो सरासरी वारा, झोत त्याच्या दीडपटीजवळ जाऊ शकतो. आणि वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे नव्या माणसाला मुद्दाम सांगा. तो ‘थोडाच तर वाढलाय’ म्हणत असतो.

जमिनीवरून पाण्याकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा. काठाला उभं राहिलं तर पाणी आरशासारखं सपाट दिसतं, कारण तिथे लाट उठायला वाऱ्याला अंतरच मिळालेलं नसतं. दोन किलोमीटर बाहेर गेलं की तोच वारा पाणी खवळवतो आणि इंजिन बंद पडलं तर आपल्याला आणखी बाहेर लोटतो. अशा दिवशी आम्ही काठ सोडत नाही.

धक्क्यावरचा आमचा एक नियम आहे. कुणाही एकाने ‘नको’ म्हटलं की फेरी रद्द. कारण विचारायचं नाही, नंतर चिडवायचं नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाचं ‘नको’सुद्धा तेवढ्याच वजनाचं. नऊ वर्षांत हे चार वेळा झालं, आणि चारही वेळा सगळे मुकाट्याने होडीतून सामान उतरवायला लागले. मात्र फेरी रद्द झाली तरी दिवस रद्द होत नाही. आम्ही काठावरच बसतो. रीळ उघडून तेल घालायचं, जुनं तंगूस काढून नवं भरायचं, गळ बांधून ठेवायचे, लाइफ जॅकेट तपासायची. दोन-तीन तास सहज जातात. ही सवय पहिल्या महिन्यापासून लावा, नाहीतर पावसाळी हवेच्या लागोपाठ तीन फेऱ्या गेल्या की माणसं चौथीला येत नाहीत.

आता होडी. ती किती माणसांची आहे ते तिच्यावर लिहिलेलं असतं. सामानाचं वजनही त्याच मर्यादेत धरायचं असतं, हे ध्यानात धरा. बर्फाची पेटी, नांगर, इंधन धरून आम्ही एक माणूस कमीच घेतो. एकदा भाड्याच्या होडीच्या मालकाने आम्हा सहा जणांवर आपला एक ओळखीचा माणूस चढवला. मी बोललो नाही. परतताना होडीचा काठ पाण्यापासून वीतभर उरला होता आणि बाजूने दुसरी होडी गेली की तिच्या लाटेचं पाणी आत येत होतं. तेव्हा न बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर मी पैसे देण्याआधीच सांगतो: आम्ही इतकेच, त्यावर एकही नाही.

प्रत्येक फेरीला एक तांडेल ठरवा. वयाने मोठा म्हणून नको, होडी चालवता येते म्हणून. पाण्यावर असेपर्यंत त्याचा शब्द अखेरचा. इंधनाचे तीन वाटे: एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी तांडेलाच्या पायाला अडकवलेली पाहिजे. तो पाण्यात पडला तर इंजिन तिथल्या तिथे थांबतं. नांगर टाकायचा तो होडीच्या पुढच्या टोकाकडून, मागून कधीच नाही. मागून टाकला तर होडीची बुटकी बाजू लाटेकडे राहते आणि पाणी थेट आत येतं. दोरी खोलीच्या पाच ते सातपट सोडा. भरतीने खोली वाढणार असेल तर वाढलेली खोली धरून हिशेब करा.

लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं. ‘गरज पडली तर घालू’ हे मी चालवून घेत नाही, कारण पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. 50 न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्याला आडोशाच्या पाण्यात, मदत जवळ असताना चालतं. उघड्या पाण्यासाठी 150 न्यूटनचं घ्या. फुगणारं असेल तर वायूची नळकांडी घट्ट बसली आहे का, ते दर फेरीला हाताने फिरवून पाहा. ती हळूहळू सैल होते. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात. बाहेर जाणार असाल तर व्हीएचएफ संच, म्हणजे होडीवरचा बोलायचा रेडिओ. संकटाच्या हाकेचा चॅनल 16, आणि तो कसा वापरायचा ते निदान दोघांना यायला हवं. कुठे चाललोय, किती जण आहोत, किती वाजता परतणार, हे काठावरच्या एका माणसाला लिहून द्या. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर त्याने कुणाला कळवायचं, तेही त्याच कागदावर लिहा.

एक गोष्ट पुरुषांच्या गटात कुणी बोलत नाही, म्हणून मी मोकळेपणाने बोलतो. होडीच्या काठावर उभं राहून लघवी करताना माणसं पाण्यात पडतात. दोन्ही हात गुंतलेले, तोल बाहेर, बाकीच्यांनी तोंड फिरवलेलं. पडताना कुणाला दिसतही नाही. आमच्या होडीत त्यासाठी झाकणाची बादली असते आणि गुडघ्यांवर बसूनच वापरायची. पहिल्या फेरीला नवीन माणूस संकोचतो, दुसऱ्या फेरीला नाही. दारूबद्दल एवढंच: काठावर परत येईपर्यंत नाही. याला आमच्यात अपवाद झालेला नाही.

कुणी पडलाच तर काय करायचं, याचा सराव वर्षातून एकदा करा. उथळ, शांत पाण्यात, जॅकेट घालून. एकाने बोट दाखवत राहायचं आणि दुसरं काहीही करायचं नाही. एकाने तरंगणारी वस्तू टाकायची. तांडेलाने वळसा घालून हळू यायचं आणि माणसाजवळ आल्यावर इंजिन बंद करायचं. पहिल्या सरावात आम्हाला कळलं की ऐंशी किलोचा भिजलेला माणूस दोघांना वर ओढता येत नाही. त्यानंतर होडीला मागे शिडी बसवून घेतली.

वीज हा वेगळा विषय. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला की काठ्या खाली आणि काठाकडे. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं परत पाण्यात नाही. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. ती उभी धरून बसणं म्हणजे विजेला बोलावणं.

सामानात नवीन माणसाला घाबरवू नका. एक मध्यम काठी, एक रीळ, दोन मापांचे गळ आणि थोडं शिसं, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. पण गाठ मात्र त्याला स्वतःला यायला हवी. आमच्यातले सगळ्यात थोरले काका आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा हात थरथरतो. नवीन पोरं हटकून म्हणतात, ‘काका, द्या, मी बांधतो.’ काका देत नाहीत. तंगूस गळाच्या छिद्रातून ओढतात, दुहेरी करून फास धरतात, टोक त्या फासातून पाच वेळा फिरवतात. प्रत्येक वेढ्याला हात थांबायची वाट पाहतात, मग पुढचा. शेवटी गाठ ओठांना लावून ओली करतात आणि सावकाश आवळतात. हे ओलं करणं विसरू नका. कोरडी गाठ आवळली की घासून गरम होते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं. काकांना पाहिल्यावर पोरं गाठ घाईने बांधत नाहीत. मी शिकवून हे झालं नसतं.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की रीळ तंगूस सोडायला लागतं तो ताण, तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. 10 किलोच्या तंगुसाला अडीच-तीन किलो. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, लहान ताणकाटा लावून मोजा. सोडून द्यायचे मासे धरत असाल तर गोल वळणाचे गळ वापरा. त्यांना झटका द्यायचा नसतो. मासा लागला की नुसतं तंगूस ताठ करत जायचं, गळ बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटक्याची सवय असलेल्यांना हे जमायला दोन-तीन फेऱ्या लागतात.

मासा सोडायचा तर हात ओले करूनच धरा. अंगावरचा चिकट थर कोरड्या हाताने किंवा फडक्याने निघतो आणि मग त्याला रोग लागतो. कल्ल्यांत बोट घालून लटकवू नका. फोटो हवाच तर कॅमेरा तयार झाल्यावर मासा पाण्याबाहेर काढा. खोल पाण्यातून वर आलेल्या माशाचं पोट फुगून तोंडातून बाहेर आलेलं दिसतं. दहा मीटर खाली पाण्याचा दाब धरून पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो, त्यामुळे तिथून वर येताना आतली हवा दुप्पट पसरते. टोचून हवा काढायला जाऊ नका. वजन लावलेल्या चिमट्याने त्याला परत खोल सोडा. ठेवायचा मासा लगेच मारा, रक्त काढा आणि बर्फात थोडं समुद्राचं पाणी घालून त्यात बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा हा काला त्याला चहूबाजूंनी भिडतो. कुठला मासा केवढा ठेवायचा, किती ठेवायचे, बंदी कधी असते, हे तुमच्या पाण्याच्या नियमांत आधी वाचा आणि पेटीच्या झाकणावर चिकटवा.

गळ बोटात घुसणं आज ना उद्या होतंच. आमच्यातल्या एका शिक्षकमित्राच्या अंगठ्याच्या मांसात उलट्या काट्यापर्यंत गेला होता. गळाच्या वळणात जाड दोरीचा फास अडकवला. त्याचा हात फळीवर टेकवला. गळाचा दांडा बोटाने कातडीकडे दाबून धरला, म्हणजे काट्याची पकड सुटते, आणि दोरी गळाच्या ओळीत एका हिसक्याने ओढली. तो ‘एक-दोन-तीन म्हण’ म्हणाला होता, मी ‘दोन’वर ओढली. गळ निघाला, रक्त थेंबभर. जखम धुऊन, परतल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन. हे फक्त मांसल भागासाठी. सांध्याजवळ, चेहऱ्यावर किंवा खोल रुतला असेल तर तसाच बांधून डॉक्टरांकडे. डोळ्याला लागला तर हातही लावू नका, वरून वाटीसारखं काहीतरी झाकून थेट दवाखाना. म्हणूनच टोपी आणि चष्मा सगळ्यांना सक्तीचे. गळ फेकण्याआधी मागे पाहून मोठ्याने ‘फेकतोय’ म्हणायचं, ते पण.

माणसांची जागा कशी लावता यावरही लक्ष द्या. दोन बडबडे शेजारी नकोत, आणि नवीन माणूस कधीच टोकाला एकटा नको. आमच्यातल्या एकाची बायको गेली, त्यानंतर तो सलग तीन फेऱ्या आला आणि काही बोलला नाही. मी त्याला काही विचारलं नाही. वही त्याच्या हातात दिली: दर अर्ध्या तासाने वेळ, वारा, पाण्याचा रंग, लागलेला मासा लिहायचं. चौथ्या फेरीला, ओहोटी लागत असताना, काठीच्या टोकावरची नजर न काढता तो बोलायला लागला आणि पाऊण तास बोलत होता. त्या वेळात कुणीही गळ वर काढला नाही. वही आता कायम त्याच्याकडेच आहे.

परतल्यावर होडी धुतल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं. मग ड्रॅग सैल करून वाळत ठेवा. तंगुसाचे तुकडे वेचून कापा आणि पिशवीत भरा, पाण्यावर राहिलेले तुकडे पक्ष्यांच्या पायांना गुंडाळतात. खर्च तिथेच, आलेल्या माणसांत सारखा वाटा. मासा कुणाला मिळाला, कुणाला नाही, याचा त्या हिशेबाशी संबंध नाही. काठावरच्या माणसाला ‘सगळे परत आलो’ हा फोन मी स्वतः करतो. मग वहीत पुढच्या चौथ्या रविवारची तारीख आणि भरतीची वेळ लिहितो, आणि सगळे तिथे उभे असतानाच ती मोठ्याने वाचून दाखवतो.